डायजेस्टर आंबट होतोय? या चुका टाळा

बायोगॅसचा डायजेस्टर (शेण-कचरा हवेविना कुजवून गॅस बनवणारी बंद टाकी) बिघडण्यामागे बहुतेक वेळा घाई असते. आम्ल तयार करणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, तर त्या आम्लांपासून मिथेन बनवणाऱ्यांना तेवढं वाढायला कित्येक दिवस लागतात. खाद्य एकदम वाढवलं की आम्ल साचतं, आणि मिथेनवाले त्यातच मार खातात.

पहिल्याच आठवड्यात पूर्ण भार

नव्या टाकीत निदान १० ते ३० टक्के घनफळाइतकं विरजण (आधीच जिवाणू असलेला माल) हवं. चालू डायजेस्टरची स्लरी सर्वांत उत्तम, ती नसेल तर ताजं शेण. गॅस पेटू लागल्यावर रोज टाकीच्या दर घनमीटरमागे अर्धा किलो सेंद्रिय घन पदार्थापासून (पाणी आणि राख वगळून उरणारा भाग) सुरुवात करा आणि आठवड्याला थोडं थोडं वाढवत न्या. ढवळत्या टाकीला २ ते ३ किलो पुष्कळ झाले. हा आकडा ओल्या वजनाचा नाही, इथेच अनेकांची गफलत होते. १० किलो अन्नकचऱ्यात सेंद्रिय घन पदार्थ जेमतेम २ किलो असतो.

फक्त सामू (पीएच) बघत बसणं

सामू ६.८ ते ७.४ असला की सगळं ठीक, हा समज महागात पडतो. क्षारता (द्रावणाची आम्ल झेलण्याची ताकद) शिल्लक असेपर्यंत ती आम्ल पचवत राहते आणि सामू हलत नाही. तो खाली आला म्हणजे दुखणं जुनं झालेलं असतं. त्यापेक्षा आम्ल आणि क्षारतेचं गुणोत्तर आठवड्यातून दोनदा तपासा. गाळलेल्या २० मिलि नमुन्यात ०.१ नॉर्मल तीव्रतेचं सल्फ्युरिक आम्ल थेंबथेंब सोडायचं. सामू ५.० होईपर्यंत लागलेले मिलिलिटर गुणिले २५० म्हणजे क्षारता. तिथून ४.४ पर्यंत आणखी जेवढे लागले त्याला १.६६ ने गुणा, ०.१५ वजा करा आणि ५०० ने गुणा. ही झाली आम्लं. आम्लांना क्षारतेने भागल्यावर उत्तर ०.३ ते ०.४ च्या आत हवं. एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची: ०.२५ वरून ०.४५ वर उडी गेली तर त्याच दिवशी खाद्य निम्मं करा, ०.८ च्या पुढे पूर्ण बंद.

आम्ल वाढलं म्हणून चुना ओतणं

चुना गॅसमधला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. बंद टाकीत त्यामुळे उणा दाब तयार होऊन हवा आत येऊ शकते, आणि तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो तो वेगळाच. खायचा सोडा बरा. घनमीटरला सुमारे १.७ किलो सोडा घातला की क्षारता लिटरमागे १,००० मिलिग्रॅमने वाढते. मात्र सोड्याने फक्त वेळ मिळतो. खाद्य तेवढंच ठेवून सोडा घालत राहिलात तर सोडिअम साठून जिवाणूंनाच बाधतं.

अमोनियाला आम्ल समजणं

कोंबडीखत किंवा कत्तलखान्याचा कचरा जास्त झाला की त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया होतो आणि सामू ८ च्या आसपास, तरीही गॅस कमी, असं चित्र दिसतं. इथे सोडा घातला तर आगीत तेल! तापमान वाढवणंही उलटं पडतं, कारण सामू आणि तापमान वाढलं की जिवाणूंना बाधणारा मुक्त अमोनिया वाढतो. पाण्याने पातळ करा, कार्बन जास्त असलेला माल मिसळा. कार्बन-नायट्रोजन प्रमाण २० ते ३० च्या दरम्यान आणा. निव्वळ अन्नकचऱ्यावर काही महिने उत्तम चाललेली टाकी अचानक आंबते, तिथे कोबाल्ट, निकेल, सेलेनियम यांची कमतरताही तपासावी. शेण मिसळल्याने बरेचदा काम भागतं.

तापमान ३५ ते ३७ अंश ठेवा. दिवसात एक अंशापेक्षा जास्त हलू देऊ नका.

सांडपाण्याच्या ऊर्ध्वप्रवाही टाकीचं (जिथे पाणी खालून वर चढतं) दुखणं वेगळं: तेल-चरबी जिवाणूंच्या दाणेदार गाळाला चिकटली की दाणे तरंगून पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून तेल आधीच काढा, आणि वर चढणाऱ्या पाण्याचा वेग ताशी अर्धा ते एक मीटर ठेवा.

टाकीत डोकावून बिघाड शोधू नका. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की नाकाला त्याचा वास येईनासा होतो, आणि हवेत ५ ते १५ टक्के मिथेन ठिणगीने भडकतो. उतरायचंच असेल तर आधी टाकी रिकामी करा, पंख्याने हवा खेळती ठेवा, गॅसमापक लावा आणि दोर धरणारा माणूस बाहेर उभा करा.