एचआरव्हीवरून ताण मोजताना आधी श्वासाकडे पाहा

एचआरव्हीवरून, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधील अंतरांच्या चढउतारावरून, मानसिक ताण जोखण्याच्या कामात जे नव्याने उतरत आहेत, त्यांना आर-आर अंतरे (लागोपाठच्या ठोक्यांमधील अंतरे) आणि आरएमएसएसडी (त्या अंतरांतील लागोपाठच्या फरकांचे माप) समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून ज्या एका गोष्टीने मला सर्वाधिक छळले, त्या श्वासाकडेच थेट वळतो.

या चढउतारातील जलद लहरींचा, म्हणजे एचएफचा पट्टा ०.१५ ते ०.४० हर्ट्‌झ, म्हणजे मिनिटाला ९ ते २४ श्वास. एखादी व्यक्ती डोळे मिटून, मिनिटाला ६ श्वास अशा संथ लयीत निवांत बसली, तर श्वासाबरोबर होणारा हृदयगतीचा चढउतार ०.१ हर्ट्‌झपाशी, म्हणजे संथ लहरींच्या, एलएफच्या पट्ट्यात जाऊन बसतो. ताणाची खूण मानले जाणारे एलएफ-एचएफ गुणोत्तर उसळी घेते आणि आलेख त्या शांत माणसाला तणावग्रस्त ठरवून मोकळा होतो. ताण आणण्यासाठी तोंडी आकडेमोड करायला लावली, तर बोलण्याने श्वासाची लय मोडते आणि दिसणाऱ्या फरकात ताण किती व बोलणे किती, हे नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरला वेगळे काढता येत नाही. त्यामुळे उत्तरे बटण दाबून घ्या, किंवा तुलनेच्या टप्प्यातही तटस्थ मजकूर मोठ्याने वाचून घ्या, आणि छातीला श्वासाची नोंद घेणारा पट्टा बांधाच. ‘गुणोत्तर प्रबंधात घालून मोकळे व्हा, कोणी विचारत नाही’ असे सांगणारे मार्गदर्शक भेटतील; त्यांच्या अनुभवाचा मान राखावा, पण हा सल्ला मानू नये.

ठोक्यांच्या नोंदीतील चुकांच्या दुरुस्तीतही आळस परवडत नाही. ८०० मिलिसेकंदांच्या लयीत एकच ठोका नोंदीतून निसटला, की तेथे १६०० चे अंतर तयार होते, आणि पाच मिनिटांच्या नोंदीतील ३० मिलिसेकंदांचा आरएमएसएसडी तेवढ्यानेच सुमारे ६६ वर पोहोचतो. स्वयंचलित गाळणीवर विसंबून न राहता प्रत्येक नोंद डोळ्यांखालून घालावी. काम कंटाळवाणे आहे, पण हात लवकर बसतो.

व्यक्तीव्यक्तींमधील प्रचंड तफावत पाहून मात्र धीर सोडू नका. त्याच व्यक्तीची विश्रांतीची नोंद, तीच बैठक, दिवसाची तीच वेळ, आणि कॉफी व औषधांची प्रामाणिक टिपण एवढे हाताशी असेल, तर मोजक्या सहभागींतूनही काही ठोस हाती लागू शकते. मनगटी घड्याळ दाखवते तो ‘ताणाचा गुण’ प्रबंधात नको. त्यामागचे गणित सहसा उघड केलेले नसते, आणि हात हलला की नाडीची नोंद बिघडते.