वादळी वाऱ्याच्या दिवसांत ताडपत्री जागेवर कशी राखावी

पावसाळ्याच्या तोंडावर वैरणीच्या गंजी, भरलेली पोती, खताचे ढीग आणि उघड्यावर उभी असलेली औजारे झाकण्याचे काम बहुतेक वेळा घाईत उरकले जाते. आभाळ भरून आले की ताडपत्री ओढायची, चार कोपऱ्यांना दोऱ्या लावायच्या, उरलेल्या कडेवर हाताशी येतील ते दगड ठेवायचे आणि घराकडे पळायचे, असा हा क्रम असतो. पहिल्या वादळात कोपरा सुटतो, रात्रभर फडफडून कड फाटते आणि सकाळी निम्मी गंज भिजलेली दिसते. त्यानंतर दोष ताडपत्रीच्या दर्जाला दिला जातो. तो कधी कधी खराही असतो. पण चांगल्या प्रतीची ताडपत्री सैल बांधली तर एका मोसमात चिंध्या होते आणि साधी ताडपत्री ताणून बांधली तर ती अधिक टिकते, हे पुष्कळांच्या अनुभवाचे आहे.

वाऱ्याचा जोर किती असतो याचा अंदाज नसल्यामुळे बांधणीत कसर राहते. ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण ४ किलो वजनाइतका दाब देतो. वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट न होता चौपट होतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला तो सुमारे १७ किलो आणि ताशी ९० किलोमीटरला जवळजवळ ३९ किलो होतो. आता ६ मीटर रुंद आणि ९ मीटर लांब अशी ताडपत्री घेतली तर तिचे क्षेत्रफळ ५४ चौरस मीटर भरते. ताशी ६० किलोमीटरच्या झोताने ती खालून फुगली तर तिला वर ओढणारा जोर ९०० किलोच्या घरात जाऊ शकतो. सगळ्या पृष्ठभागावर एकाच क्षणी पूर्ण दाब येत नाही हे खरे, परंतु हा आकडा डोळ्यांसमोर असला म्हणजे चार दगडांवर भिस्त ठेवण्याचे धाडस होत नाही. याच ताडपत्रीचा घेर ३० मीटर असतो आणि कडेला साधारण मीटरभर अंतराने कड्या बसवलेल्या असतात. सर्व ३० कड्या बांधल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ३० किलोच्या आसपास ओढ येते, आणि केवळ सहाच बांधल्या तर तीच ओढ प्रत्येकी १५० किलो होते. कडी कापडातून उपटून निघते ती याच कारणाने. तेव्हा एकही कडी रिकामी सोडू नये.

वारा गंजीवर केवळ समोरून आदळत नाही, तर माथ्यावरून पलीकडे उतरताना मागच्या उतारावर ओढही निर्माण करतो, त्यामुळे ताडपत्री वरच्या वर उचलली जाते. खालच्या कडेतून थोडीशी फट मिळाली की हवा आत शिरते आणि आतला दाब व बाहेरची ओढ एकाच दिशेने काम करू लागतात. म्हणून वाऱ्याच्या तोंडाची कड सर्वांत आधी आणि सर्वांत पक्की बांधावी आणि कापड जितके म्हणून गंजीला चिकटून बसेल तितके बसवावे.

यासाठी झाकायच्या ढिगाचा आकारच नीट हवा. माथा सपाट ठेवला की पाणी साचते. एका चौरस मीटरवर १० सेंटिमीटर पाणी साचले म्हणजे १०० किलोचा भार झाला, आणि त्या भाराने कापड आणखी खाली बसून तळे मोठे होत जाते. उलट माथा घराच्या छपरासारखा उतरता ठेवला तर पाणी निथळते आणि ताडपत्रीलाही दोन्ही बाजूंनी खेचून ताण देता येतो. पोत्यांची थप्पी असेल तर वरचे दोन थर आत घेत रचावेत, किंवा मधोमध उभे आडवे बांबू टाकून कणा तयार करावा. बांबूची टोके, औजारांचे कोपरे, फळ्यांच्या धारा यांच्यावर गोणपाटाच्या घड्या बांधाव्यात, कारण घासून पडलेले भोक पुढे फाट्याचे तोंड होते. ढिगाच्या बाहेर डोकावणारी काठी तर कापूनच टाकावी.

कडेच्या बांधणीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. नुसत्या कड्यांना दोरी लावण्यापेक्षा ताडपत्रीची खालची कड एका लांब बांबूवर दोन-तीन फेर गुंडाळून मग तो बांबू जागोजागी खाली बांधणे अधिक भरवशाचे असते. यात ओढ एका ठिपक्यावर न येता संपूर्ण लांबीवर विभागली जाते. बांबूवर कापड गुंडाळताना ते बाहेरच्या अंगाने वर जाईल असे न गुंडाळता आतल्या बाजूला वळवावे, नाहीतर त्या वळीत पाणी धरते. जिथे कडी तुटली आहे किंवा मुळातच नाही, तिथे कापडाच्या आत लिंबाएवढा गुळगुळीत गोटा ठेवून, कापडासकट त्याची गाठोडी करून तिच्या मानेला दोरी आवळावी. ही जुनी युक्ती आहे आणि ती नव्या कडीपेक्षा चांगली टिकते, कारण कापडाला एकही भोक पाडावे लागत नाही. खिळ्याने किंवा तारेने नवे भोक पाडून काम भागवू नये.

दोरीची निवड करताना तिचा ओलेपणाचा स्वभाव पाहावा. काथ्याची किंवा तागाची दोरी भिजली की आखडते आणि वाळली की सैल पडते. त्यामुळे कोरड्यात ओढून बांधलेली दोरी पावसात कड्यांना ओरबाडते आणि ऊन पडल्यावर ढिली लोंबते. शिवाय ती कुजते. नायलॉनची दोरी मजबूत असते, मात्र ताणाखाली आणि भिजल्यावर लांबते, म्हणून पहिल्या पावसानंतर ती पुन्हा आवळावीच लागते. हलक्या पॉलिप्रॉपिलीन दोरीला पाण्याचा फारसा उपद्रव होत नाही, पण उन्हात तिचे धागे कोरडे पडून भुसभुशीत होतात. हातात चोळल्यावर भुकटी उरली तर ती दोरी ताबडतोब बदलावी. दोरीपेक्षाही उपयोगी ठरतो तो तिच्यातला एक लहानसा लवचीक दुवा. टायरच्या जुन्या ट्यूबच्या तीन-चार सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापून कडी आणि दोरी यांच्यामध्ये घातल्या तर झोताचा धक्का रबर सोसते, आणि दोरी सैल झाली तरी ताण टिकून राहतो. रबर उन्हाने तडकते, तेव्हा दर मोसमात पट्ट्या नव्या कापाव्यात.

गाठीबद्दल एवढे सांगणे पुरे की निरगाठ टाळावी. ओल्या दोरीची आवळलेली निरगाठ सोडवताना शेवटी कोयता चालवावा लागतो आणि दोरी प्रत्येक वेळी हातभर कमी होते. खुंटीला दोन फेर घेऊन त्यावर सुरगाठ मारली तर ती धरतेही आणि एका ओढीत सुटतेही. लांब दोरी ताणायची असेल तेव्हा मालमोटारीवर माल आवळताना करतात तसा मध्यावर एक फास तयार करावा, दोरीचे टोक खुंटीतून फिरवून त्या फासातून परत खाली खेचावे आणि मग बांधावे. साध्या ओढीपेक्षा याने बराच अधिक ताण मिळतो. इतका ताण मात्र देऊ नये की कडीभोवतीचे कापड ताणून पांढरे पडेल.

खुंट्यांची लांबी जमिनीवर अवलंबून असते. घट्ट जमिनीत हातभर खुंटी चालते, पण भुसभुशीत किंवा नांगरलेल्या जमिनीत ती ६० सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. खुंटी गंजीपासून उलट्या दिशेला कलती ठोकावी आणि दोरी तिच्या वरच्या टोकाला न बांधता जमिनीलगत बांधावी, म्हणजे ओढीने ती उपटत नाही. संततधार पावसाने जमीन मऊ झाली की चांगली ठोकलेली खुंटीही हलते. अशा जागी अर्धा मीटर खोल चर खणून त्यात मातीने भरलेले पोते किंवा मीटरभर लांबीचे लाकूड आडवे पुरावे, त्याला बांधलेली दोरी तिरकी बाहेर काढावी आणि चर चेपून बुजवावा. हे काम कष्टाचे असले तरी एकदा केले की दोन-तीन मोसम विसरून जाता येते.

माथ्यावर दगड, विटा, लोखंडी तुकडे ठेवण्याची सवय मात्र मोडायला हवी. वारा आला की दगड सरकतो, सरकता सरकता कापड घासतो आणि शेवटी जिथून तो निसटतो तिथे कापड उघडे पडते. उंच गंजीवरून पडलेली वीट माणसाला किंवा जनावराला इजा करू शकते ती गोष्ट वेगळीच. वजनच वापरायचे असेल तर १५ ते २० किलो वाळूची दोन पोती एका दोरीच्या दोन टोकांना बांधून ती दोरी माथ्यावरून आडवी टाकावी, म्हणजे दोन्ही बाजूंना पोती लोंबून एकमेकांना तोलून धरतात. अशा आडव्या दोऱ्या दर दीड मीटरला असाव्यात. पोती जमिनीपासून वर अधांतरी राहतील हे पाहावे. जमिनीवर टेकलेल्या पोत्याचे वजन दोरीला मिळत नाही. मासेमारीचे जुने जाळे मिळाले तर ते सबंध गंजीवर टाकून त्याच्या कडा खाली बांधणे याहून सरस, कारण जाळे कापडाला कुठेच फुगू देत नाही.

एकापेक्षा अधिक ताडपत्र्या लागत असतील तर त्या कौलांप्रमाणे खालून वर लावाव्यात, वरची खालचीवर किमान अर्धा मीटर चढवावी आणि शेजारच्या दोन ताडपत्र्यांच्या जोडाचे उघडे तोंड नेहमीचा वारा ज्या बाजूने येतो तिच्या पलीकडच्या बाजूला ठेवावे. जोडावरून एक आडवी दोरी गेलीच पाहिजे.

घट्ट झाकण्याच्या भरात आतल्या ओलाव्याचा विसर पडू नये. २० टक्क्यांहून अधिक ओलावा असलेली वैरण बंद केली तर ती आतून तापते, बुरशी धरते, आणि तापमान ७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले तर आपोआप पेट घेण्याचा धोका असतो. लोखंडी सळई गंजीत खुपसून दोन-तीन तासांनी काढावी. ती हातात धरवत नसेल तर झाकण्याची घाई करू नये. कोरड्या गंजीलाही माथ्याच्या दोन टोकांना पावसाचे पाणी आत येणार नाही अशी अरुंद झडप ठेवावी, म्हणजे रात्री कापडाच्या आतून सुटणारे पाणी वैरणीवर ठिबकत नाही. गंज जमिनीवर न रचता लाकडी ओंडक्यांवर रचावी आणि भोवती पाणी वाहून नेणारा चर काढावा.

मुरघासाच्या, म्हणजे हिरवा चारा हवाबंद करून मुरवण्याच्या, खड्ड्याला हवा खेळती ठेवण्याचा हा नियम पूर्णपणे उलटा लागू होतो. तिथे हवेचा एक श्वासही आत जाता कामा नये, म्हणून कापड चाऱ्याला सर्वत्र चिकटलेले हवे, कडा चरात घालून मातीने दाबलेल्या हव्यात आणि वर जुने टायर एकमेकांना टेकतील इतके दाट रचलेले हवेत. टायरमध्ये पाणी साचून डास होतात, तेव्हा त्यांना भोके पाडून घ्यावीत किंवा ते मधोमध कापून वापरावेत. पक्ष्यांनी चोच मारून पाडलेले बोटभर भोकही त्याच दिवशी बुजवावे.

ठिगळ लावताना फाट्याच्या दोन्ही टोकांना आधी छोटी गोल भोके पाडून फाटा पुढे सरकणे थांबवावे, जागा धुऊन पूर्ण वाळवावी आणि कोपरे गोल कापलेले ठिगळ दोन्ही बाजूंनी चिकटवावे. सुई-दोऱ्याने शिवल्यास प्रत्येक टाका पाणी गळण्याची नवी वाट ठरतो.

बांधणी शक्यतो पहाटे किंवा सकाळी, वारा पडलेला असताना करावी आणि किमान दोघांनी करावी. अर्धवट बांधलेले मोठे कापड वाऱ्याच्या झोतात माणसाला ओढून नेते. त्या वेळी दोरी मनगटाला गुंडाळलेली असली तर सुटका होत नाही, म्हणून दोरी कधीही हाताला किंवा कमरेला गुंडाळू नये. ओल्या ताडपत्रीवर पाय ठेवू नये, ती फार निसरडी असते. विजेच्या तारांखाली गंज रचणे मुळातच टाळावे. वादळ सुरू झाल्यावर सुटलेला कोपरा धरायला गंजीवर चढण्याचा मोह होतो, तो आवरावा. भिजलेली वैरण परत मिळवता येईल.

बांधून झाल्यावर वारा सुटेल त्या दिवशी गंजीजवळ उभे राहून कान द्यावा. नीट ताणलेली ताडपत्री जवळजवळ आवाज करत नाही. ती फडफडत असेल तर कापडाचा जो भाग हलतो आहे तिथेच दोरी कमी आहे असे समजून त्याच ठिकाणी एक वाढवावी. पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी आणि त्यापुढे दर आठवड्याला सर्व दोऱ्या एकदा हाताने दाबून पाहाव्यात. मोसम संपल्यावर ताडपत्री धुऊन, उन्हात फार वेळ न ठेवता सावलीत दोन्ही बाजूंनी वाळवावी, दर वर्षी वेगळ्या ठिकाणी घडी पडेल अशी गुंडाळावी आणि उंदीर पोहोचणार नाहीत अशा जागी टांगून ठेवावी. दोऱ्या आणि रबरी पट्ट्या तिच्यातच गुंडाळून ठेवल्या म्हणजे पुढच्या खेपेला आभाळ भरून आल्यावर त्यांची शोधाशोध करावी लागत नाही.