मुलीच्या जांघेत गाठ दिसली तर
पोरगी रडली, खोकलली की जांघेत फुगवटा येतो अन् झोपली की जातो, तर बहुतेक हर्निया (पोटातलं आतडं जांघेत उतरणं) असतो, मुलींनाही होतो बरं. पण लहान मुलींत कधीकधी त्यात आतड्याऐवजी ओव्हरी (अंडाशय) उतरलेली असते, बदामाएवढी सरकणारी गाठ हाताला लागते, ती घरी दाबून आत ढकलायची नाही, तेल-शेक तर अजिबात नको. कमी-जास्त न होणारी मऊ गाठ पाण्याचीही असू शकते, ते सोनोग्राफीत कळतं. नागपुरात मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) नाहीतर मिहानच्या एम्सला पेडियाट्रिक सर्जनला (लहान मुलांच्या सर्जनला) दाखवा. हर्नियाला इलाज ऑपरेशनच, पट्टा बांधून काही होत नाही. गाठ कडक, लाल झाली किंवा उलट्या सुरू झाल्या तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच कॅज्युअल्टी गाठा, ओव्हरीला पीळ पडला तर वेळ फार कमी असतो.