घरच्या कुंडीत पिकवा धने

कोथिंबीर कुंडीत लावणारे पुष्कळ, पण त्याच झाडाचे धने होईपर्यंत थांबणारे थोडे. झाड उंच होऊन पानं शेपूसारखी बारीक झाली की 'आता गेलं' म्हणून ते उपटलं जातं. खरं तर मसाल्याची सुरुवात तिथूनच होते.

पेरायला स्वयंपाकघरातले धने चालतात, फक्त ते भाजलेले किंवा फार जुने नसावेत. एक धना जवळून पाहा. तो एकच दाणा वाटतो, पण दोन अर्धगोल एकमेकांना चिकटून तो झालेला असतो आणि प्रत्येक अर्ध्यात एक बी असतं. म्हणून धने पाटावर पसरून लाकडी फळीने हलकेच रगडा, दोन फाकी सुटल्या की पुरे. भुगा करू नका. मग रात्रभर भिजवून सकाळी निथळून घ्या.

कुंडी किमान २० ते २५ सेंमी खोल हवी, कारण याचं सोटमूळ सरळ खाली जातं. याच कारणाने रोपं उपटून दुसरीकडे लावू नयेत, जिथे वाढवायची तिथेच पेरावीत. भुसभुशीत मातीत कंपोस्ट मिसळा आणि बी साधारण १ सेंमी खोल टाका. उगवायला एक ते दोन आठवडे लागतात, गारठा असेल तर त्याहून जास्त. रोपं हाताएवढी झाली की दोन रोपांत १५ सेंमी अंतर ठेवून विरळणी करा. उपटलेली कोवळी रोपं खाण्यात येतातच.

पेरणी थंड दिवसांतच करा, हे मी आग्रहाने सांगेन. कडक उन्हात रोप अंगाने भरण्याआधीच फुलावर येतं आणि दाणे मोजकेच धरतात. पानांचा मोहही आवरा. एखाददुसरी खालची काडी घेतली तर चालेल, पण वरचेवर खुडलेलं झाड धने भरणार कशाने? नत्रयुक्त खतही पुन्हा पुन्हा देऊ नका. पाला माजतो आणि फुलोरा लांबतो.

फुलं छत्रीसारख्या झुपक्यात येतात, पांढरी किंवा फिकट गुलाबी. मधमाश्या त्यांच्याकडे धावतात, त्यामुळे या काळात फवारणी नकोच. मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, दिसला तर पाण्याच्या धारेने धुऊन काढा.

हिरवा धना चुरडून पाहा, ढेकणासारखा उग्र वास येईल. घाबरू नका. दाणा पिकत जातो तसा हा दर्प ओसरतो आणि लिनॅलूल या सुगंधी द्रव्याचा गोडसर वास वर येतो. हा बदल नाकाने टिपण्यात मला दरवेळी तितकाच आनंद होतो.

साधारण तीन-चार महिन्यांनी बहुतेक दाणे तपकिरी झाले की झुपके कापा. सगळे वाळेपर्यंत थांबलात तर निम्मे मातीत गळतील. कापणी सकाळी करावी, दवाने दाणे कमी झडतात. झुपके कागदी पिशवीत उलटे घालून सावलीत, हवेशीर जागी एक-दोन आठवडे टांगा. मग चोळून पाखडा. दाणा दाताखाली कटकन फुटला की बरणीत भरा, तोवर नाही. सर्वांत भरघोस झुपके धरलेल्या झाडाचे मूठभर धने मात्र वेगळ्या पुडीत, तारीख लिहून, पुढच्या पेरणीसाठी ठेवा.