ऱ्हाईनकाठची गटसहल: दोन दिवस, दोन किल्ले आणि एक बोट

जर्मनीत शिकणारी मुलं ऱ्हाईनकाठची सहल आखायला बसली की पहिली चूक ठरलेली असते. नकाशावर जवळजवळ दिसणारे पाच-सहा किल्ले एका दिवसात कोंबायचे. बिंगेन ते कोब्लेंझ हा सुमारे 65 किलोमीटरचा पट्टा 2002 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, पण यात नदीवर एकही पूल नाही. समोरच्या काठावरचा किल्ला अगदी पलीकडे दिसतो, तिथे पोचायला मात्र फेरीबोट गाठावी लागते. रेल्वेही दोन्ही काठांवर वेगवेगळी आहे. म्हणून आधी काठ ठरवा, मग किल्ले.

पहिल्यांदा जाणाऱ्या गटाला डावा काठ (प्रवाहाच्या दिशेने पाहताना डावीकडचा) सोयीचा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बाखाराख या गावी पोचायचं आणि तिथल्या श्टालेक किल्ल्यात मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी बोटीने सांक्ट गोआर गाव, तिथला ऱ्हाईनफेल्स किल्ला आणि संध्याकाळी परत. एवढंच. यात तिसरा किल्ला घातला की कुठलाच धड पाहून होत नाही.

तिकिटांचं गणित

ज्यांच्याकडे डॉइचलँड-टिकीट (देशभरच्या प्रादेशिक गाड्यांत चालणारं मासिक तिकीट) किंवा त्याचं विद्यार्थी सेमिस्टर-तिकीट आहे त्यांचा रेल्वेप्रवास त्यातच होतो, पण फक्त आरबी, आरई अशा प्रादेशिक गाड्यांत. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत ते चालत नाही. घाईत समोर आलेल्या आयसीत चढलेल्यांना दंड होतो. तिकीट मोबाइलवर असतं, सोबत फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, आणि स्क्रीनशॉट ग्राह्य धरत नाहीत. फोनची बॅटरी संपली तर तपासनिसासमोर तुम्ही विनातिकीटच. दर तिघांत एक पॉवरबँक हवीच.

ज्यांच्याकडे असं तिकीट नाही, त्यांचे पाच-पाचचे गट करा. ऱ्हाईनलांड-फाल्त्स या इथल्या राज्याचं तिकीट एका दिवसासाठी पाच जणांपर्यंत चालतं. सहावा माणूस आला की दुसरं तिकीट काढावं लागतं, म्हणून गट दहाचा किंवा पंधराचा असला तर माणशी खर्च सगळ्यांत कमी. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 नंतरच वैध असतं. 8 वाजून 50 मिनिटांची गाडी पकडली तर ते चालणार नाही. शनिवार-रविवारी ही अट नसते. तिकिटावर नावं लिहायची असतात, ती गाडीत चढण्याआधी लिहा. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्यांनी तिकिटाची हद्द कुठल्या स्टेशनपर्यंत आहे तेही आधी पाहावं.

बाखाराखला आरबी 26 ने उतरायचं. ती साधारण तासाला एक असते. जलद आरई गाड्या लहान स्टेशनं गाळतात. माइन्झकडून येताना उजव्या हाताच्या खिडक्या धरा, नदी त्या बाजूला आहे. मध्ये बिंगेन लागतं, तिथे दोन स्टेशनं आहेत: बिंगेन हाउप्टबानहोफ (मुख्य स्टेशन) आणि बिंगेन श्टाट (शहर स्टेशन). पलीकडच्या काठावरच्या ऱ्युडेसहाइमची फेरीबोट श्टाट स्टेशनजवळून सुटते. "बिंगेनला भेटू" एवढंच ठरवलं तर अर्धा गट एका स्टेशनवर आणि अर्धा दुसऱ्यावर, हे हमखास होतं.

प्रवासाच्या आदल्या रात्री रेल्वेच्या अ‍ॅपवर मार्ग पुन्हा तपासा. या मार्गांवर दुरुस्तीची कामं निघतात आणि गाडीऐवजी बदली बस येते. बसला जास्त वेळ लागतो, आणि पंधरा जणांना एकाच बसमध्ये जागा मिळेलच असं नाही.

मुक्काम

बाखाराखच्या वरच्या टेकडीवर श्टालेक किल्ला आहे, आणि त्यातच युवा वसतिगृह आहे. खोल्या बंक-बेडच्या, अंगणातून खाली नदी दिसते. युवा वसतिगृह संघटनेचं सदस्यत्व लागतं. गटासाठी कुठलं कार्ड घ्यायचं ते बुकिंग करतानाच विचारा. शाकाहारी किती जण ते तेव्हाच लिहून द्या, आयत्या वेळी सांगून उपयोग नसतो. गावातून वर जायला पायऱ्यांची खडी वाट आहे, पंधरा-वीस मिनिटं लागतात. चाकांची बॅग इथे ओझंच होते, पाठीवरची सॅक आणा. वाटेत वेर्नर चॅपलचे छत नसलेले गॉथिक अवशेष लागतात. फोटो सगळेच काढतात, पण या वास्तूमागे 1287 मध्ये ज्यूंवर घेतलेला खोटा आळ आणि त्यानंतरच्या कत्तली आहेत. तिथली पाटी वाचून पुढे जा.

खाली गावात राहणार असाल तर कानात घालायचे बोळे न्या. मालगाड्या दोन्ही काठांवरून रात्रभर धावतात आणि दरीत आवाज घुमतो.

पैशांबाबत एकच नियम: आगाऊ रक्कम जमा झाल्याशिवाय बुकिंग नाही. शेवटच्या आठवड्यात दोघे गळतातच, आणि रद्द केलेल्या खाटांचे पैसे ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याच्या बोकांडी बसतात.

बोट

मोठ्या प्रवासी बोटी वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत चालतात. हिवाळ्यात गेलात तर हा बेत विसरा. रेल्वेचं तिकीट बोटीला चालत नाही. बोट नेहमी प्रवाहाच्या दिशेने घ्या, म्हणजे बाखाराखहून सांक्ट गोआरकडे. साधारण पाऊण तासाचा प्रवास. उलट्या दिशेला त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

वरच्या डेकवर उजव्या बाजूला बसा. काउबजवळ नदीच्या मधोमध फाल्त्सग्राफेनश्टाइन दिसतो. जकात वसूल करायला बांधलेला हा चौदाव्या शतकातला किल्ला दुरून दगडी जहाजासारखा वाटतो. पुढे उजवीकडेच लोरेलायचा 132 मीटर उंच कडा येतो. कुठला किल्ला कुठला हे ओळखायची सोपी खूण म्हणजे काठावरच्या पांढऱ्या पाट्या. त्यांवर काळ्या आकड्यांत किलोमीटर लिहिलेले असतात, मोजणी कॉन्स्टान्झच्या पुलापासून. बाखाराख 543, काउब 546, लोरेलाय 554, सांक्ट गोआर 556. हे चार आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. उन्हाळ्यातही डेकवर वारा बोचतो, जाकीट हाताशी असू द्या.

ऱ्हाईनफेल्स, नाहीतर मार्क्सबुर्ग

ऱ्हाईनफेल्स 1245 मध्ये बांधायला घेतला. 1692 चा फ्रेंच वेढा त्याने परतवला, पुढे शतकाभराने फ्रेंचांनीच तो सुरुंग लावून उडवला. आज आहेत ते अवशेष, पण विस्तार प्रचंड. सांक्ट गोआरहून चढ वीसेक मिनिटांचा. दगड ओले असले की घसरतात, पायात पकड असलेले बूट हवेत. डागडुजीमुळे काही भाग बंद असू शकतात, सकाळीच चौकशी करा.

अवशेषांपेक्षा शाबूत किल्ला पाहायचा असेल तर मार्क्सबुर्ग. इथल्या डोंगरी किल्ल्यांत कधीच उद्ध्वस्त न झालेला हा एकच. पण तो उजव्या काठावर ब्राउबाखला आहे. सांक्ट गोआरहून फेरीबोटीने समोरच्या सांक्ट गोआर्सहाउझेनला उतरून तिकडची गाडी घ्यावी लागते, आणि आत फक्त गाइडसोबतच सोडतात. इंग्रजी गाइडच्या वेळा मोजक्याच असतात, त्या आधी पाहा. नदीला पूर आला की फेरीबोट बंद होते, तेव्हा या बेताचा हट्ट धरू नका.

रविवारी सुपरमार्केट बंद असतात. ब्रेड, फळं, पाणी शनिवारीच घ्या. स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी ठेवा. परतीच्या गाडीआधी पाऊण तास किल्ल्यावरून उतरायला लागा आणि प्लॅटफॉर्मवर डोकी मोजा. आरबी चुकली तर पुढची तासाभराने.