टायमिंग लावताना या चुका टाळा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात माझ्याकडे ‘इंजिनचं काम केल्यापासून मोटरसायकल ओढत नाही’ अशी तक्रार आली की मी कार्बोरेटरला हात लावत नाही. आधी टायमिंगचं, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बघायचं, झाकण उघडतो. फोरस्ट्रोकमध्ये क्रँकचे (पिस्टन फिरवतो तो दांडा) दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा (वॉल्व्ह उघडतो तो दांडा) एक होतो, म्हणून कॅमच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाला, क्रँकच्या दुप्पट दात असतात. एवढं डोक्यात पक्कं नसेल तर पाना खाली ठेवा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मॅग्नेटवरची, म्हणजे क्रँकच्या टोकाला बसवलेल्या चाकावरची, चुकीची खूण धरणं. मॅग्नेटवर ‘टी’ असते आणि तिच्या शेजारी ‘एफ’. टी म्हणजे पिस्टन अगदी वर, एफ म्हणजे ठिणगी पडण्याची जागा, जी त्याच्या थोडी आधी येते. काजळी आणि ऑइलने माखलेल्या मॅग्नेटवर जी रेघ आधी दिसते ती एफचीच, आणि घाईतला माणूस तीच धरतो.

मागे एक इंजिनिअरिंगचा मुलगा आला होता. मित्राच्या खोलीवर व्हिडिओ बघून त्याने हेड (इंजिनचा वरचा, वॉल्व्हचा भाग) बसवलं होतं. गाडी सुरू होत होती, गावात चालतही होती, पण पावागडला माचीच्या चढावर पहिल्या गिअरमध्येही दम टाकायची. त्याने प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, क्लच प्लेटही नव्या टाकल्या. मी झाकण काढून क्रँक टीवर आणला, तर कॅमच्या स्प्रॉकेटवरची खूण, जी तेव्हा हेडवरच्या खुणेसमोर यायला हवी, ती सरळ एक दात पुढे. तो म्हणाला, “पण काका, मी बसवली तेव्हा खूण जवळजवळ जुळली होती.”

हे ‘जवळजवळ’च घात करतं. समजा कॅमच्या स्प्रॉकेटला 28 दात आहेत. म्हणजे एक दात कॅमवर जवळपास 13 अंश आणि क्रँकवर 26. एफ टीच्या 15 अंश आधी असेल तर कॅम साडेसात अंश मागे असायला हवा. तुम्ही एफ धरून बसलात की बरोबर दातावर कॅमची खूण साडेसात अंश हुकलेली दिसते, आणि शेजारच्या चुकीच्या दातावर फक्त साडेपाच. डोळा अर्थातच चुकीचा दात निवडतो. म्हणून लक्षात ठेवा, खूण या दातावरही नीट बसत नाही आणि पुढच्यावरही नाही, असं झालं तर चेनशी झटापट करू नका. क्रँक टीवर नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी प्लगच्या भोकात प्लास्टिकची स्ट्रॉ सोडतो. ती वर येऊन थांबते तिथे टी दिसायलाच हवी. स्क्रूड्रायव्हर घालणाऱ्यांचा मला राग येतो, पिस्टनवर चरे पडतात.

दुसरी चूक, ढिल्या चेनवर खुणा बघणं. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) ज्या बाजूला असेल तिच्या विरुद्ध बाजूची चेन आधी ताणून घ्या, सगळा ढिलेपणा टेन्शनरकडे जाऊ द्या, आणि मगच खूण बघा. टेन्शनर सुटून चेन ताणली गेल्यावर पुन्हा बघा.

उघडण्याआधी चेनच्या कडीवर रंगाचा ठिपका देणारेही पुष्कळ आहेत. इंजिन फिरलं की तो ठिपका त्याच जागी परत येईलच असं नाही. कारखान्याने दिलेल्या खुणा सोडून आपल्या खुणा कशाला?

टॅपेट (वॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) मात्र कॉम्प्रेशनच्या टीवरच लावायचे, म्हणजे दोन्ही वॉल्व्ह बंद असतात आणि त्यांना दाबणारे दोन्ही रॉकर हाताने हलतात तिथे.

स्वयंचलित टेन्शनर आत दाबून लॉक केल्याशिवाय बसवू नका. हेड उघडं असताना चेन तारेने बांधून ठेवा, नाहीतर ती खाली क्रँकच्या दातांवरून उतरते.

आणि किक. ती सगळ्यात शेवटी. प्लग काढलेला ठेवून, इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने, मॅग्नेटच्या नटवर पाना लावून क्रँकचे दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा. कुठेही टणक अडकलं की तिथेच थांबा. तो वॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असतो, आणि जोर लावलात तर वाकतो. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा पुन्हा जुळल्या तरच प्लग लावा. याला दोन मिनिटं लागतात. ‘सुरू करून तर बघू’ म्हणणारे तेवढीही थांबायला तयार नसतात, आणि मग हेड पुन्हा उतरवावं लागतं.

स्प्रॉकेटचे बोल्ट लावताना चेनच्या पोकळीत स्वच्छ फडकं कोंबून ठेवा. तिथून निसटलेला बोल्ट सरळ क्रँककेसमध्ये जातो. आणि झाकण लावण्याआधी ते फडकं आठवणीने काढा.