परदेशात राहताना खात्रीची घरगुती उपकरणे कशी निवडावीत

परदेशात नव्या घरात राहायला गेल्यावर फ्रीज, वॉशिंग मशिन, केटल यांची खरेदी पहिल्याच पंधरवड्यात करावी लागते, आणि तिथल्या विजेची, कायद्याची व दुकानांची माहिती नेमकी त्याच वेळी सर्वांत कमी असते. अशा वेळी ओळखीच्या कंपनीचे नाव दिसले की माणूस निर्धास्त होतो. मात्र एकाच नावाची उपकरणे वेगवेगळ्या देशांत वेगळ्या कारखान्यांतून आणि वेगळ्या सुट्या भागांनिशी विकली जातात, त्यामुळे निव्वळ नावावर विसंबू नये. बिघाड झाल्यावर हे उपकरण आपल्या गावात कोण आणि किती दिवसांत दुरुस्त करील, याचे उत्तर खरेदीपूर्वीच मिळत असेल, तर ते उपकरण खात्रीचे समजावे.

पायरी १ : आधी घर पाहावे

भाड्याच्या घरात काय मिळते, हे देशागणिक बदलते. जर्मनीत अनेक घरे स्वयंपाकघरातील ओटा-कपाटांशिवाय भाड्याने दिली जातात, तर अमेरिकेतील बऱ्याच इमारतींत कपडे धुण्याची यंत्रे सर्वांना मिळून असतात. म्हणून करारात कोणती उपकरणे समाविष्ट आहेत आणि ती बिघडल्यास दुरुस्ती कोणी करायची, हे लेखी विचारून घ्यावे.

त्यानंतर मापे घ्यावीत. युरोपातील वॉशिंग मशिन बहुधा ६० सेंटिमीटर रुंद आणि ८५ सेंटिमीटर उंच असते, आणि मागे नळी व प्लगसाठी थोडी जागा सोडावी लागते. मी यंत्र ठेवायचा कोपरा अगदी मिलिमीटरपर्यंत मोजला होता. न्हाणीघराचे दार मोजायचे मात्र राहून गेले. यंत्र घेऊन आलेल्या दोघांनी दार बिजागऱ्यांवरून उतरवून पाहिले, तरी चौकटीत दोन बोटे कमी पडली आणि यंत्र तीन मजले उतरून आले तसे परत गेले.

पायरी २ : विजेचा दाब (व्होल्ट) आणि वारंवारता (हर्ट्झ) तपासावी

उपकरणाच्या मागे किंवा तळाशी माहितीची छोटी पट्टी असते. तिच्यावर ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले असेल, तर प्लगचा अडॅप्टर पुरेसा होतो. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर बहुधा याच प्रकारचे असतात. एकच आकडा छापलेला असेल, तर सावध व्हावे, कारण अडॅप्टर केवळ प्लगचा आकार जुळवतो, विजेचा दाब बदलत नाही. युरोपात घरगुती वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची, तर अमेरिकेत १२० व्होल्ट व ६० हर्ट्झची असते. जपानमध्ये दाब १०० व्होल्ट असून पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झ अशी देशातच विभागणी आहे. ब्राझीलमध्ये काही शहरांत १२७, तर काहींत २२० व्होल्ट वीज मिळते.

हा फरक किरकोळ नाही. १२० व्होल्टसाठी बनवलेली साधी इस्त्री २३० व्होल्टवर लावली, तर ती ठरल्यापेक्षा साडेतीन पटींहून अधिक वीज ओढू पाहते आणि जळते. उलट २३० व्होल्टची २००० वॉटची केटल १२० व्होल्टवर जेमतेम साडेपाचशे वॉटचे काम करते. ट्रान्सफॉर्मरने दाब बदलतो, वारंवारता बदलत नाही, त्यामुळे ६० हर्ट्झसाठी बनलेल्या जुन्या पद्धतीच्या मोटरी ५० हर्ट्झवर मंदावतात आणि तापतात. माझ्या मते दाब जुळत नसेल, तर तापणारी आणि मोटर असलेली उपकरणे सोबत नेण्याच्या फंदात पडू नये.

पायरी ३ : शिक्का आणि लेबल वाचावे

युरोपातील ‘सीई’ ही खूण बहुतेक घरगुती उपकरणांवर उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो; ती स्वतंत्र चाचणीची पावती नव्हे. जर्मनीतील ‘जीएस’ किंवा अमेरिकेतील ‘यूएल’ या खुणांमागे मात्र त्रयस्थ संस्थेची तपासणी असते. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून फ्रीज, वॉशिंग मशिन व डिशवॉशर यांच्या ऊर्जा लेबलावर पुन्हा ‘ए’ ते ‘जी’ अशा साध्या श्रेणी आल्या. जुन्या ‘ए’पुढील अधिकच्या (+) खुणा गेल्या आणि निकष कडक झाले, त्यामुळे नव्या लेबलावरील ‘डी’ पाहून लगेच नाक मुरडू नये.

पायरी ४ : दुरुस्तीची सोय खरेदीपूर्वीच शोधावी

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. युरोपीय संघाच्या २०२१ पासून लागू असलेल्या नियमांनुसार वॉशिंग मशिनचे महत्त्वाचे सुटे भाग, त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतरही किमान १० वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. फ्रीजच्या दाराच्या रबरी पट्टीसाठीही १० वर्षांची, तर थर्मोस्टॅट व सेन्सरसाठी ७ वर्षांची अट आहे. नियम असला तरी प्रत्यक्ष पडताळणी आपणच करावी. त्याच कंपनीच्या पाच-सहा वर्षे जुन्या मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन सुटे भाग विकणाऱ्या दुकानात पाणी उपसणारा पंप आणि दाराचे रबर मागून पाहावे. हे दोन भाग सहज मिळत असतील, तर ती कंपनी जुन्या ग्राहकाला वाऱ्यावर सोडत नाही असे समजावे.

दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारावा : वॉशिंग मशिनच्या ड्रमच्या बाहेरची टाकी उघडता येते, की ती दोन अर्धे जोडून कायमची बंद केलेली आहे? बंद टाकीतील, ड्रम ज्यावर फिरतो ते बेअरिंग गेले, तर बहुधा अख्खी टाकी बदलावी लागते, आणि तो खर्च ऐकून पुष्कळ जण नवे यंत्रच घेतात.

टिकाऊपणासाठी विक्रेत्याच्या पानावरील ताऱ्यांपेक्षा ग्राहक संस्थांचे अहवाल वाचावेत. जर्मनीत १९६४ मध्ये स्थापन झालेली ‘श्टिफ्टुंग वारनटेस्ट’ आणि अमेरिकेत १९३६ पासून काम करणारी ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या संस्था उपकरणांच्या स्वतंत्र चाचण्या घेतात.

पायरी ५ : हमी कोणाची आणि कुठे, हे पाहावे

‘मोटरवर १० वर्षे’ अशी मोठी अक्षरे दिसली, तर उरलेल्या यंत्रावर किती, हे बारीक अक्षरांत शोधावे. कंपनीची हमी पुष्कळदा खरेदीच्या देशापुरतीच असते. युरोपीय संघात तिच्याखेरीज नव्या वस्तूवर किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते आणि ती विक्रेत्यावर बंधनकारक असते. त्यामुळे दुकानदाराने ‘कंपनीला फोन करा’ म्हटले, तरी तक्रार त्याच्याकडेच लेखी नोंदवता येते.

पायरी ६ : घरी आल्यावर

पोचपावतीवर सही करण्यापूर्वी खोका उघडून पोचे पाहावेत. आडवा आणलेला फ्रीज उभा करून काही तास तसाच ठेवावा आणि मगच चालू करावा. वॉशिंग मशिनच्या मागचे, ड्रम आवळून धरणारे वाहतुकीचे बोल्ट काढल्याशिवाय ते सुरू करू नये, अन्यथा पहिल्याच पिळणीला यंत्र जमिनीवर उड्या मारू लागते. काढलेले बोल्ट फेकू नयेत. ते पिशवीत घालून बिलासोबत ठेवावेत, कारण पुढच्या वेळी घर बदलताना ते पुन्हा बसवावे लागतात.